कस्तुरीच्या कानातली शिट्टी

आई दिवसभर मनूलाच हाका मारते आणि आपल्याला एकदाही मारत नाही, असं का? कस्तुरीला हे कोडं बरेच दिवस सतावत होतं.

मनू तिचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा आणि भारी द्वाड. “मनूऽ” ही आईची हाक बोगद्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत ऐकू यायची. ‘कस्तुरी’ अशी हाक मात्र यायची नाही म्हणजे नाही. आणि थोड्या वेळाने आईच दारात येऊन उभी राहायची. “किती हाका मारायच्या गं तुला? कान आहेत की भोकं?” असं वर तिलाच विचारायची. आई चक्क खोटं बोलते, असं कस्तुरीला वाटू लागलं होतं.

ही मंडळी राहायची सोमवाडीत. सोमवाडी म्हणजे चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, जमिनीच्या पोटात खोदलेली माणसांची वसाहत. वर ना हवा, ना पाणी. म्हणून सगळं गाव खाली, बोगद्यांमध्ये. हवा खेळती ठेवायला जागोजागी मोठाले पंखे बसवलेले होते आणि ते अखंड घुमत असत. कस्तुरीचे बाबा पृथ्वीवरून सामान आणणाऱ्या यानावर कामाला होते, त्यामुळे ते वर्षातले बरेच महिने प्रवासातच. आई, म्हणजे शलाका, वसाहतीची चांद्रगाडी चालवायची. घरी असत ते आजोबा, आईचे वडील, डॉक्टर दिगंबर निगुडकर. ते ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ) होते. सोमवाडीतली प्रत्येक घंटा आणि प्रत्येक भोंगा त्यांनीच ठरवून दिलेला होता.

एकदा जेवताना कस्तुरीचा बांध फुटला. आईने मनूच्या ताटात आधी वाढलं, एवढंच निमित्त झालं.

“तुझं फक्त मनूवर प्रेम आहे! तू त्याच्याच नावाने हाका मारतेस. मला तर तू कधी हाकच मारत नाहीस!”

आता आई चिडणार, असं तिला वाटलं. पण आई चिडली नाही. तिच्या हातातला डाव तसाच अधांतरी राहिला.

“कस्तुरी,” ती म्हणाली, “जरा भिंतीकडे तोंड करून उभी राहतेस?”

कस्तुरी फुरंगटून उभी राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिला मागे कुठेतरी “…ई” असं काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. “काय?” म्हणत ती वळली. आई जमिनीवर बसली होती. मनू घाबरून तिला चिकटला होता आणि आजोबा हातातला घास ताटात परत ठेवत होते.

“किती वेळा हाक मारली मी तुला,” आई म्हणाली. “किती वेळा मारली.”

सोमवाडीच्या दवाखान्यात कानाचे डॉक्टर नव्हते. म्हणून पृथ्वीवरून, रत्नागिरीच्या डॉक्टर मिठबावकर बाईंनी पडद्यावरून तिची तपासणी केली. कानाला झाकण्या लावायच्या आणि बारीक, जाड, वेगवेगळे आवाज आले की बटण दाबायचं. कस्तुरीला वाटलं, आपण छान दाबलं. पण पडद्यावर तिचा श्रवणालेख (कोणता आवाज कितपत ऐकू येतो ते दाखवणारी रेघ) उमटला तेव्हा आजोबा पडद्याजवळ सरकले. रेघ आधी सपाट जात होती आणि मग पठार संपून कडा लागावा तशी सरळ खाली कोसळत होती.

“मी बहिरी आहे?” कस्तुरीने विचारलं. “पण मला ऐकू येतं! तुम्ही बोलताय ते येतंय की ऐकू.”

“येतं. पण अर्धं येतं,” आजोबा म्हणाले. त्यांनी तिला घरी नेलं आणि भिंतीवरच्या फळ्यासमोर बसवलं. फळ्यावर त्यांनी एक वाक्य लिहिलं: तिकीट काढून सोपानकाका सातारला पोचले.

“आवाज म्हणजे हवेची थरथर. एका सेकंदात ही थरथर किती वेळा होते, त्याला म्हणतात वारंवारता. कमी वेळा झाली तर आवाज जाडा, जास्त वेळा झाली तर बारीक. आता आपण बोलतो त्यात दोन्ही असतं. आ, ई, ऊ, ओ हे स्वर बरेचसे खालच्या अंगाचे आणि दणकट. म, न, र, ल हेही त्यांच्याच बाजूचे. पण स, श, त, क, च, ट, प ही मंडळी नाजूक. नुसता वाऱ्याचा बारीक फुत्कार. तुला खालचं ऐकू येतं, वरचं नाही.”

मग त्यांनी बोळ्याने एकेक अक्षर पुसायला सुरुवात केली. शेवटी फळ्यावर उरलं ते असं: इईअ आढून ओआनआआ आआरला ओअले.

“वाच.”

कस्तुरी बघतच राहिली. दिवसभर लोक तिच्याशी जे बोलायचे ते अगदी असंच तर असायचं! आवाज यायचा, पण शब्द यायचे नाहीत. मग माणसाच्या ओठांकडे बघून, काय चाललंय ते हेरून ती मधली भोकं स्वतःच भरायची. आपण ती भरतोय हेसुद्धा तिला कळत नव्हतं.

“मनू,” आजोबांनी लिहिलं. “म आणि न आणि ऊ. सगळं खालचं. त्यातलं काहीच पुसलं जात नाही. आणि हे तुझं नाव.” त्यांनी ‘कस्तुरी’ लिहिलं. क पुसला, स पुसला, त पुसला. पुढे काय उरतं ते बघायला कस्तुरी थांबली नाही. तिने डोळे झाकून घेतले.

डोळे न उघडताच ती म्हणाली, “मग सगळ्यांनी मोठ्याने बोलायचं.”

“तोच घोटाळा आहे ना. ओरडलं की स्वर मोठे होतात. स मोठा होत नाही. तू पेटी पाहिली आहेस ना, हार्मोनियम? आपल्या कानाच्या आत कर्णावर्त असतं (गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी). पेटीच्या पट्ट्या मांडाव्यात तशा त्यात रोमपेशी मांडलेल्या असतात (केसांसारखे बारीक तुरे असलेल्या पेशी). तोंडाशी बारीक आवाजाच्या, आत खोलवर जाड्या आवाजाच्या. तुझ्या तोंडाकडच्या पट्ट्या तुटल्या आहेत. भाता कितीही जोरात मारला तरी तुटलेली पट्टी वाजत नाही. उरलेल्याच कर्कश वाजतात.”

“कशाने तुटल्या?”

आजोबांनी खडू खाली ठेवला. दारात आई उभी होती.

“गेल्या वर्षी तुला फुप्फुसाचा ताप आला होता, आठवतं?” आई म्हणाली. “कुठलंच औषध लागू पडेना. मग एकच उरलं. डॉक्टर म्हणाले, याने मुलगी वाचेल, पण कान जाऊ शकतात. कधीकधी लगेच नाही, नंतर हळूहळू.”

“तुला माहीत होतं?”

“माहीत होतं. पण तू बरी झालीस, बोलायला लागलीस, हसायला लागलीस. मला वाटलं, सुटलो आपण.” आई उंबरठ्यातून आत आली. “आणि वर मी तुलाच विचारत होते, कान आहेत की भोकं म्हणून.”

कस्तुरीने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने आजोबांना विचारलं, “त्या पट्ट्या परत येतील ना?”

“पक्ष्यांच्या कानात येतात,” आजोबा हळूच म्हणाले. “कोंबडीच्या रोमपेशी मेल्या तर काही दिवसांत नव्या उगवतात. माणसाच्या नाही उगवत. त्या कशा उगवतील यावर किती जण वर्षानुवर्षं मान मोडून काम करतायत. अजून जमलेलं नाही.”

“मग मी कोंबडी असते तर बरं झालं असतं,” कस्तुरी म्हणाली आणि तिथून निघून गेली.

श्रवणयंत्रं पृथ्वीवरून यायची होती. यान यायला अवकाश होता. तोवरचे दिवस फार वाईट गेले. आपल्याला ऐकू येत नाही हे माहीत नसताना जे चालून जात होतं, ते आता चालेना. वर्गात सगळे हसले की कस्तुरीही हसायची, आणि मग मैत्रिणीला, तेजलला, विचारायची, “काय झालं? काय म्हणाले सर?” तेजल आधी सांगायची. मग थोडक्यात सांगायला लागली. मग म्हणायला लागली, “काही नाही गं, सोड.” ती काही वाईट मुलगी नव्हती, कंटाळली होती एवढंच. पण ते “काही नाही, सोड” कस्तुरीला नेमकं ऐकू यायचं, कारण ते आता तिला ओठांवरून पाठ झालं होतं.

शेवटी यान आलं. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे दोन तुकडे. कानामागे बसवायचे, आणि त्यातून निघालेली बारीक नळी कानात सोडायची. घरात सणासारखं वातावरण होतं. आईने शिरा केला होता. पडद्यावरून डॉक्टर मिठबावकर बाई सांगत होत्या, “हे बघा, चष्मा घातला की लगेच दिसतं. श्रवणयंत्राचं तसं नसतं. पहिले काही महिने त्रास होईल.” पण आनंदाच्या भरात ते कुणी मनावर घेतलं नाही. कस्तुरीने तर नाहीच नाही.

यंत्रं सुरू झाली आणि जगाने तिच्यावर झडप घातली.

छतातला पंखा असा गरजायला लागला की आता तो अंगावर कोसळणार. मनूने ताटलीत चमचा टाकला तो जणू सुई होऊन डोक्यात घुसला. स्वतःचा श्वास, कपड्यांची सळसळ, घशातला गिळण्याचा आवाज. आई समोर आली, गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, “कस्तुरी.”

कस्तुरीने तिच्याकडे पाहिलं. “हा तुझा आवाज नाही,” ती म्हणाली. “तू पत्र्याच्या डब्यातून बोलतेयस.”

आईचं हसू कसं विझलं ते कस्तुरीला दिसलं. शिऱ्याला कुणी हात लावला नाही.

“यंत्र काय करतं,” आजोबांनी दुसऱ्या दिवशी समजावलं, “ज्या पट्ट्या अर्धवट वाजतात त्यांचा आवाज वाढवतं. आणि ज्या पार मेल्या आहेत, त्यांचे सूर उचलून शेजारच्या जिवंत पट्टीवर वाजवतं. म्हणून तुला स हा स सारखा ऐकू येत नाही, दुसराच कसलातरी खरखरीत आवाज येतो. तो स आहे, हे मेंदूला नव्याने शिकावं लागणार. आणि पंख्याचं म्हणशील, तर पंखा आम्हालाही ऐकू येतो. पण आमचा मेंदू तो रोज उचलून बाहेर टाकतो. तुझा मेंदू वर्षभर शांततेत राहिलाय. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते तो विसरलाय.”

“किती दिवसांनी आठवेल?”

“यंत्रं रोज घातलीस तर काही महिने. आणि खरं सांगू? पूर्ण कधीच नाही.”

कस्तुरी रोज घालायची. कानामागची कातडी सोलवटून निघाली तरी घालायची. संध्याकाळी आई तोंडासमोर कागद धरून शब्द म्हणायची आणि कस्तुरी ओळखायची. साप, ताप, काप, बाप. दहातले चार बरोबर यायचे. पुढे पाच यायला लागले. ती खरखर म्हणजे स, हे हळूहळू तिला कळू लागलं. पण वसाहतीच्या जेवणघरात शंभर माणसांच्या कलकलाटात सगळं पुन्हा चिखल व्हायचं. मग ती एकटीच कोपऱ्यात बसून जेवायची.

त्यातच ती शिट्टी सुरू झाली. मनू धावत आला आणि त्याने तिच्या गळ्याला मिठी मारली, की कानात कीऽऽऽ! यंत्रातून असा काही कर्कश आवाज निघायचा की दोघंही दचकून मागे सरायचे. आईने कुशीत घेतलं तरी तेच. उशीवर डोकं टेकलं तरी तेच. मनू काही दिवस हौसेने शिट्टी वाजवून बघत राहिला, मग घाबरायला लागला. “ताई ओरडते माझ्यावर,” असं म्हणून तो लांबच उभा राहायचा.

“हे प्रत्याभरण (बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरणं),” आजोबा म्हणाले. “यंत्राचा आवाज कानातून थोडा बाहेर गळतो. जवळ काही आलं, गाल म्हण, हात म्हण, की त्यावर आपटून तो परत यंत्राच्या माइकमध्ये शिरतो. यंत्र त्याला पुन्हा मोठं करतं, तो पुन्हा गळतो, पुन्हा शिरतो. वर्तुळ सुरू. त्याचीच शिट्टी.”

डॉक्टर बाईंनी पृथ्वीवरून यंत्राची जुळणी बदलली. यंत्रात शिट्टी ओळखणारा भाग होता, तो त्यांनी कडक केला. एका सुरात सलग वाजणारा आवाज आला, की ती आपलीच शिट्टी आहे असं यंत्राने समजायचं आणि तिच्या बरोब्बर उलटी लाट सोडून तिला पुसून टाकायचं. युक्ती लागू पडली. मनू पुन्हा जवळ यायला लागला. त्या दिवसांत कस्तुरी थोडीशी हसायला लागली होती.

कारण तिचा बारावा वाढदिवस आला होता. सोमवाडीत बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना पहिल्यांदा बाहेर नेत. खऱ्या चंद्रावर, काळ्या आभाळाखाली, जिथून पृथ्वी दिसते. आईच्याच गाडीतून जायचं होतं. त्याआधी एक चाचणी असे. हवा गळायला लागली तर वाजणारा धोक्याचा भोंगा ओळखता आला पाहिजे. भोंगा ऐकला की हात वर करायचा, बस.

सुरक्षाप्रमुख इनामदार काकूंनी तिघा मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तेजल होती, आणखी एक मुलगा होता आणि कस्तुरी होती. पंखे घुमत होते. कस्तुरीने सगळा जीव कानात गोळा केला. एकदा तिला ‘टी’ असं काहीतरी चुटपुटतं ऐकू आलं आणि लगेच विरून गेलं. यंत्रं दिवसभर असले किरकोळ आवाज करतातच, म्हणून ती तशीच उभी राहिली. पुन्हा एकदा ‘टी’. पुन्हा काही नाही. तिने कडेने पाहिलं, तर बाकीच्या दोघांचे हात वर होते.

“कस्तुरी, बाळा,” इनामदार काकू तिच्यासमोर येऊन सावकाश म्हणाल्या, “मी नाही गं पाठवू शकत तुला. जिवाचा प्रश्न आहे.”

त्या दिवशी तिने यंत्रं काढून डबीत ठेवली ती ठेवलीच. बाहेर जाऊन आलेली तेजल काहीतरी सांगत राहिली. तिचे ओठ हलताना कस्तुरीने पाहिले, पण वाचायचा प्रयत्न केला नाही. घरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आई जवळ बसली, तर तिने न वळताच विचारलं, “तेव्हा मला ते औषध दिलंसच कशाला?”

आईने काहीतरी उत्तर दिलं असेल. कस्तुरीला ते ऐकू येणार नव्हतं आणि हे दोघींनाही माहीत होतं. आई तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. कस्तुरीने तो हात झटकला नाही, पण ती वळलीही नाही.

आजोबांना मात्र एक गोष्ट खटकत होती. ते पाटी घेऊन आले आणि त्यांनी लिहिलं, ‘चाचणीत तुला नक्की काय ऐकू आलं? अगदी नक्की सांग.’

“काही नाही.”

‘काहीच नाही?’

“सुरुवातीला टी असं. मग कुणीतरी गिळून टाकल्यासारखं.”

आजोबा उठून उभे राहिले. “गिळून टाकल्यासारखं,” ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी भराभर लिहिलं, ‘आपला भोंगा कसा आहे? एकाच सुराचा. सलग. बारीक.’

कस्तुरीने वाचलं. पुन्हा वाचलं. आणि उठून बसली. “शिट्टीसारखा,” ती म्हणाली. “यंत्राला वाटलं, ती आपलीच शिट्टी आहे. त्याने पुसून टाकली.”

कोडं सुटलं होतं. पण ते सुटून काय उपयोग, हेही तिला त्याच क्षणी कळलं. शिट्टी पुसणारा भाग सैल केला तर भोंगा ऐकू येणार, पण मनूला जवळ घेता येणार नाही. तो कडक ठेवला तर मनू जवळ येणार, पण भोंगा मरणार. मिठी की भोंगा, यातलं एकच काहीतरी निवडायचं. ती पुन्हा आडवी झाली.

“निदान एकदा खात्री करू,” आजोबांनी तिच्या चेहऱ्यासमोर वाकून गळ घातली. “शास्त्रात अंदाजाला किंमत नाही. चल.”

आजोबांच्या खोलीत एक जुना ध्वनिक्षेपक होता. त्यांनी यंत्रातला तो भाग तात्पुरता बंद केला, यंत्रं कस्तुरीच्या कानात घातली आणि ते पाठ फिरवून बटणापाशी बसले. “आधी अगदी हळू लावतो. मग वाढवत नेतो. ऐकू आलं की सांग.”

थोड्याच वेळात कस्तुरी म्हणाली, “वाजतोय.”

“अजून कुठे? आत्ता तर सुरू करतोय.”

“वाजतोय आजोबा. सलग वाजतोय.”

“मनाचे खेळ असतात बाळा. फार इच्छा असली की तसं वाटतं.” त्यांनी बटण आणखी फिरवलं. कस्तुरीने कानांवर हात नेले, तर हात जवळ येताच यंत्रं किंचाळली, म्हणून तिने ते पुन्हा खाली घेतले. तेवढ्यात दार ढकलून मनू आत आला. त्याने दोन्ही कानांत बोटं खुपसली होती आणि तो रडकुंडीला आला होता.

“बंद करा ना! किती मोठ्याने लावलाय!”

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग समोरच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर लाटेची रेघ डोंगराएवढी उंच उसळत होती. त्यांनी कान ध्वनिक्षेपकाला जवळजवळ चिकटवला, आणि तसेच वाकून राहिले. मग त्यांनी बटण बंद केलं. बंद केल्यावरही त्यांच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही, कारण त्यांच्यासाठी काहीच बदललं नव्हतं.

“हा भोंगा मी बनवला,” ते म्हणाले. “पंख्यांची घरघर जाडी, म्हणून मुद्दाम बारीक सूर निवडला, वर उठून दिसावा म्हणून. तेव्हा मला तो बोगद्याच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा.”

आजोबांचे कान म्हणजे सोमवाडीतले सगळ्यात हुशार कान, असं कस्तुरीला कायम वाटत आलं होतं.

“औषधाने?” तिने विचारलं.

“वयाने. म्हातारपणीही तोंडाकडच्याच पट्ट्या आधी जातात. सगळ्यांच्या. मी हे किती मुलांना शिकवलं असेल.” ते खुर्चीत बसले. “दुसऱ्यांचे कान तपासत आलो गं. स्वतःचे तपासायचे राहून गेले.”

नंतर कळलं, की असे आजोबा एकटेच नव्हते. इनामदार काकूंनी वसाहतीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना एकेक करून भिंतीकडे तोंड करून उभं केलं. कुणी हसत उभं राहिलं, कुणी रागावून. साठीच्या पुढच्या अर्ध्याअधिक माणसांचे हात वर गेलेच नाहीत. एक आजी तर चाचणी झाल्यावरही तशाच उभ्या होत्या, “कधी सुरू करताय?” म्हणत. आणि ही सगळी माणसं इतकी वर्षं रात्री निर्धास्त झोपत होती.

आजोबा आणि कस्तुरी नवा भोंगा बनवायला बसले. सूर खाली आणायचा होता, पण पंख्यांच्या घरघरीत बुडेल इतका खाली नाही. शिवाय तो सलग नको, नाहीतर यंत्रं त्याला शिट्टी समजणार. म्हणून वरखाली होणारा, मध्येच तुटणारा, पुन्हा उठणारा. कस्तुरी यंत्रं पूर्ण कडक जुळणीवर ठेवून ऐकायची आणि सांगायची, “हा गिळला. हा पण गिळला. हा राहिला.” आजोबा यंत्रांशिवाय ऐकायचे. दोघांनाही येईल असा आवाज सापडायला पुष्कळ दिवस लागले. मध्ये आजोबांचा दोनदा धीर सुटला. एकदा तर ते म्हणाले, “मला आता काय कळतंय त्यातलं,” आणि उठून गेले. कस्तुरी एकटीच बसून राहिली. त्यांना समजावायला ती गेली नाही, कारण अशा वेळी कुणी समजावायला आलेलं तिला स्वतःलाच आवडत नसे.

नवा भोंगा पहिल्यांदा वाजला तो भर दुपारी, सांगून सवरून. हूंऽऊ, हूं, हूंऽऊ, असा काहीसा, म्हशीने हंबरावं तसा. मुलं खो खो हसली. आणि मग एकामागून एक दारं उघडायला लागली. वरच्या बोगद्यातल्या जोशी आजी आल्या. काठी टेकत भंडारेमामा आले. कधी कुठल्या सरावाला न दिसलेली माणसं अंगणात आल्यासारखी बोगद्यात उभी राहिली आणि एकमेकांकडे बघू लागली. इतकी वर्षं सगळे त्यांना आळशी म्हणत होते.

इनामदार काकू कस्तुरीपाशी आल्या. “बाहेरच्या कपड्यांमध्येही हा आवाज बसवायला हवा. त्याला वेळ लागेल. तुझी चाचणी पुढच्या वर्षी घेऊ.”

पुढच्या वर्षी. कस्तुरीने मान हलवली. गेल्याच आठवड्यात डॉक्टर मिठबावकर बाईंनी नवा श्रवणालेख काढला होता. कडा थोडा आणखी अलीकडे सरकला होता.

माणसं पांगल्यावर ती आणि आजोबा बोगद्याच्या भिंतीला टेकून बसले. आजोबांची यंत्रं पुढच्या यानाने यायची होती. ती मागवायला त्यांनी खूप खळखळ केली होती.

“आजोबा, तोवर माझ्या आणखी पट्ट्या गेल्या तर?”

“तर भोंगा आणखी खाली आणू.”

“आणि त्याही गेल्या तर?”

आजोबांनी बोगद्याच्या भिंतींवरून नजर फिरवली. पंखे घुमत होते.

“तर भिंतींवर दिवे लावू,” ते म्हणाले. “तेही पुरले नाहीत तर तुझ्या खाटेखालची जमीन हलवू. आवाज म्हणजे शेवटी थरथरच. ती कानातूनच आत गेली पाहिजे असं थोडंच आहे?”

कस्तुरीने तळहात जमिनीवर टेकवला. दगडातून पंख्यांची घरघर हाताला लागत होती. हलकी, सलग. तिने कानातली यंत्रं काढली. जग विझल्यासारखं झालं, पण हाताखालची थरथर होती तशीच राहिली.

मग तिने यंत्रं पुन्हा घातली, चेहरा कसनुसा केला आणि विचारलं, “पण मग झोपेत खाट हलली, तर ती भोंग्यामुळे हलली का मनूमुळे, ते कसं कळणार?”

नीट ऐकू न आल्यामुळे आजोबांनी तिच्याकडे तोंड वळवलं. तिने प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, त्यांना ओठ दिसतील असा.

“हां,” आजोबा म्हणाले, “त्याचा विचार करायला हवा,” आणि त्यांनी खिशातून खडू काढला.